वाळवीला पाठ झालेली पोथी

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. नीट ऐका, मधे जांभया देऊ नका.

एका गावात पोथीघर होतं. कुणीही यावं, वाचावं. वाचता येत नसेल त्याला तान्हूआक्का वाचून दाखवायची. दर उन्हाळ्यात ती सगळ्या पोथ्यांना ऊन दाखवायची, पानांत कडुनिंबाचा पाला घालायची. त्याबद्दल गावानं तिला धान्य द्यायचं, अशी रीत होती.

एका वर्षी पाटलांना वेशीवर लाकडी कमान हवीशी झाली. म्हणाले, "आक्का, गावाला काटकसर करायचीय. यंदापासून तुझं धान्य बंद. पोथ्या काय पळून जाणार आहेत? पडून राहतील जागच्या जागी."

"पाटील, नुसतं पडून राहिलेलं टिकत नसतं हो," आक्का म्हणाली.

पण ऐकतंय कोण! दाराला कुलूप लागलं. आक्का लेकीच्या गावी गेली आणि तिकडेच वारली.

गाव कमानीखालून मिरवत राहिलं. मग एका चैत्रात पाटलांची नात रेवू तापानं फणफणली. ताप उतरला, पण पोरीची वाचा गेली. दिवसभर घर डोक्यावर घेणारी पोर, आता नुसती टकामका बघायची. पाटलांच्या काळजाचं पाणी झालं. तेव्हा कुठे आठवलं, की अशा मुलांना आक्का पोथीत बघून औषध सांगायची!

भर दुपारी पाटलांनी कुलूप काढलं. आत एकही पोथी नव्हती. छताला टेकलेलं मातीचं वारूळ तेवढं होतं, आणि त्यातून वाळवी बोलत होती. अरे देवा, हुबेहूब आक्काच्या आवाजात!

"या पाटील. कोणती पोथी हवी? सगळ्या आमच्या पोटात आहेत."

पाटील हात जोडून म्हणाले, "माझ्या नातीची वाचा गेलीय. औषध सांगा."

वाळवी घडाघडा म्हणू लागली, "ओढ्याकाठच्या पांढऱ्या फुलाची मुळी घ्यावी, दुधात उगाळावी, आणि तिच्यात…"

आवाज थांबला.

"तिच्यात काय? सांगा ना!"

"पुढचं पान जिनं खाल्लं, तिला पंख फुटले. गेली ती उडून."

पाटील ढसाढसा रडले. वारुळातून पुन्हा तेवढंच आलं, "आणि तिच्यात…"

रेवू मोठी झाली, सासरी गेली. आजोबांना तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही. पाटील मात्र रोज दुपारी वारुळाला कान लावून बसायचे. एके दुपारी तिथं सामसूम होती. घाबरून बाहेर आले, तर तोच आवाज वेशीवरच्या कमानीतून येत होता.

म्हणून सांगतो, गावाचं शहाणपण सांभाळणाऱ्याला काटकसरीपायी घरी बसवू नये. नड येते तेव्हा विचारायला कुणी उरत नाही.