अण्णांनी तोडलेली तार

पक्कडीने तार तोडल्याचा आवाज तसा लहानच असतो. कट्ट, एवढाच. पण चाळीस वर्षे झाली तरी तो बाळगोंडाच्या कानातून गेलेला नाही, आणि आठवला की त्याचे हात आपोआप जोडले जातात.

एकदा एक म्हातारा कारागीर नदीकाठच्या एका गावात राहत होता. गाव त्याला अण्णा म्हणे. मोठी यंत्रे त्याने कधी केली नाहीत. तेलाच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून झारी करावी, जुन्या विळ्याचे पाते काठीला बांधून शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी करावी, फुटक्या बादलीच्या पत्र्याचे लहान फावडे करावे, असे त्याचे काम. परसात आणि घरात जे अडे, ते तो टाकाऊ वस्तूंतून सोडवून देई.

बाळगोंडा त्याचा शिष्य. तिशीतला, हाताचा मोठा सफाईदार. गुरूवर त्याची भक्ती होती, पण गुरूची एक सवय त्याला खटके. अण्णा कुठलीही वस्तू पुरती करून देत नसत. खुरप्याला मूठ बसवीत, पण ती घट्ट करणारी पाचर घेणाऱ्याच्या हातात ठेवून म्हणत, "ही तेवढी तूच ठोक." झारीची दांडी बसवीत आणि शेवटचा आकडा उघडाच ठेवीत. गावातले लोक हसत.

"अण्णांचं काम म्हणजे लग्न इथं लावायचं, आणि अक्षता घरी जाऊन टाका म्हणायचं!"

अण्णाही हसत. बाळगोंडा मात्र मनात म्हणे, म्हातारपणी हात थकले असतील. माझ्या हातून जाईल ती वस्तू पुरतीच जाईल.

गावात रत्नाक्का नावाची एक विधवा बाई होती. वाफ्यांत मिरची-वांग्याची रोपे वाढवायची आणि हंगामाला ती शेतकऱ्यांना द्यायची, यावर तिचे वर्ष निघे. पण आजारपणात तिचा डावा हात लुळा पडला. एका हाताने हौदातले पाणी वाफ्यापर्यंत न्यावे, तर निम्मे वाटेत सांडे. उरलेले धाडकन पडून कोवळी रोपे आडवी होत. ती अण्णांकडे आली. अण्णांनी काम शिष्यावर सोपवले.

बाळगोंडाने जीव ओतला. हौदाशेजारी तीन बांबूंचे तिकाटणे उभे केले. त्यावर डबा टांगला, डब्याच्या काठापासून एक दोरी खाली पायफळीला बांधली. डब्यापुढे चिरलेल्या बांबूची पन्हळ वाफ्यांवरून नेली आणि तिला बारीक छिद्रे पाडली. उजव्या हाताने तांब्या-तांब्याने डबा भरायचा आणि पायाने फळी दाबायची, की डबा कलंडे, आणि पाणी पन्हळीतून थेंबाथेंबाने रोपांवर उतरे. सगळे सांधे त्याने जाड तारेने आवळले. पक्कडीने पीळ असा दिला की बोटाने हलू नये. तारेची टोकेसुद्धा आत दुमडली. पुरते, देखणे काम.

रत्नाक्काच्या डोळ्यांत पाणी आले. "लेका, हात दिलास रे मला!" ती म्हणाली. पुढे रोज, तो दिसला की ती हातातले काम टाकून हेच म्हणे. बाळगोंडाला ते गोड लागे. कधी कधी तो मुद्दाम तिच्या कुंपणावरून वाट काढी.

वैशाखात तो बहिणीच्या गावी जत्रेला गेला, चार दिवस राहिला. इकडे दुसऱ्याच दिवशी डबा टांगलेली तार घासून तुटली. नवी तार रत्नाक्काने आणली, पण एका हाताने पक्कड धरायची की तार? तिकाटण्यावर चढून त्या दुमडलेल्या टोकांशी ती दिवसभर झटली. म्हाताऱ्या अण्णांना कशाला ताप द्यायचा, म्हणून मग ती तांब्यानेच पाणी वाहू लागली. चार वाफ्यांपैकी दोन वाळून गेले.

बाळगोंडा परतला तेव्हा ती दारातच बसली होती. "तुझीच वाट बघत होते रे. तू नसलास की माझं काही खरं न्हाई."

त्याला रोपांचे वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी सुखावलेही होते. त्याने लगोलग डबा पुन्हा टांगला, या वेळी दुप्पट जाड तारेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तिथे आले. काठी टेकत तिकाटण्याभोवती एक फेरी मारली, पीळ निरखून पाहिला. "सुंदर काम," म्हणाले. मग खिशातून पक्कड काढली आणि तार तोडली.

कट्ट.

भरलेला डबा धपकन खाली आला. पाणी अंगणभर झाले.

"अण्णा!" रत्नाक्का ओरडली. "डोस्कं फिरलं काय तुमचं? दोन वाफे गेले, आता हे दोन पण मारता?"

बाळगोंडाचा चेहरा उतरला. "काय केलंसा हे, अण्णा? चुकलं असंल तर मला सांगायचं. तिच्या पोटावर का पाय?" तो तार उचलायला वाकला.

"तू बस," अण्णा म्हणाले. "हात लावायचा न्हाई."

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून काथ्याची दोरी काढली. मग आपला डावा हात पाठीमागे धोतराच्या कमरेत खोचला. दोरी बांबूवरून टाकली, एक टोक दातांत धरले, दुसरे उजव्या हाताने फिरवून आतून काढले, आणि मान मागे नेत आवळले. गाठ बसली. बाळगोंडा बघतच राहिला. काल तार तुटल्याचे कळल्यापासून म्हातारा हा सराव करीत असला पाहिजे, एकट्याने, एका हाताने.

"आता तू," अण्णांनी गाठ सोडून दोरी रत्नाक्कापुढे धरली. "माझे दात तीनच हाईत. तुझे तर सगळे शाबूत."

ती रागातच होती, तरी तिला हसू आले. पहिली गाठ सुटली. दुसरी डबा टांगताच सरकली. "जाऊ द्या हो, माझ्यानं न्हाई व्हायचं," म्हणून ती दगडावर बसली, आणि मग आपणहूनच पुन्हा उठली. पाचव्या खेपेला डबा टांगला, भरला, पायाने फळी दाबली. पन्हळीतून पाणी उतरू लागले. ती किती तरी वेळ फळीवरचा पाय काढीना.

परतताना शिष्याने विचारले, "अण्णा, तार दोरीपेक्षा पक्की. मग चूक कुठं झाली?"

अण्णा सावकाश बोलले. "तार पक्की होती, पण ती तुझ्या हाताची होती. तू जत्रेला गेलास, तसा तिचा हातबी तुझ्याबरोबर जत्रेला गेला. दोरी तुटणारच, लवकर तुटंल. पण ती तिच्या हाताची हाय. अवजार घासणार, मोडणार. ज्याचं त्याला ते सांधता आलं पायजे, म्हणून मी शेवटचं काम राखून ठेवतो."

बाळगोंडाच्या मनातले ओठांवर आले. "मग आपले उपकार मानायला कोण येणार, अण्णा?"

अण्णा थांबले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येडा हाईस. उपकार आपण मानायचं. तिनं आपल्याला अंगणात येऊ दिलं, आपली नड सांगितली, ह्या हातांना काम दिलं. मला लिहिता येत न्हाई, वाचता येत न्हाई. लोकांच्या नडीनंच मला शिकवलं. उपकार त्यांचे हाईत, बाळा."

बाळगोंडाला ते ऐकताना पटले. पण पुरते उमगायला पाऊसकाळ यावा लागला.

उरलेल्या दोन वाफ्यांची रोपे वीतभर झाली होती. शेतकरी ती न्यायला येऊ लागले होते. एका सकाळी बाळगोंडा कुंपणावरून जात होता. रत्नाक्का तिकाटण्यापाशी उभी होती. दोरी झिजून तुटली होती आणि ती नवी बांधत होती. त्याचे पाऊल सवयीने आत पडले. मग त्याने ते मागे घेतले आणि तो कुंपणाशी थांबला.

तिने टोक दातांत धरले, मान मागे नेली, गाठ आवळली. डबा भरून पायाने फळी दाबून पाहिली. मग तिची नजर त्याच्यावर गेली. त्याने नकळत हात जोडले.

रत्नाक्काने रोपांची टोपली कमरेवर घेतली, आणि नेहमीचे 'हात दिलास' न म्हणताच वाफ्यांकडे निघून गेली.