शेजाऱ्याची चिठ्ठी

यंत्रं बोलायची तेव्हाची गोष्ट. वादळ कधी कुठे पोचेल याचं गणित सोडवायला दोन प्रोसेसर होते, थोरला आणि नवा. ते गणित ज्याला त्याला झेपेल असं मांडून चिठ्ठी द्यायचं काम कंपायलरबाईंचं.

नव्याच्या चिठ्ठीसाठी त्या तासभर खपायच्या. थोरल्याची मात्र चुटकीसरशी तयार. थोरल्याचा जळफळाट झाला.

"त्याचेच लाड करा! मला तुमची मांडणी नको. गणित आहे तसं उतरवून द्या."

बाईंनी दिलं. थोरला एकच आकडा दहादा आणत राहिला, तीच बेरीज पुन्हापुन्हा करत बसला. नव्याच्या गणितातलं वादळ किनाऱ्याला लागलं, याचं अजून भर समुद्रात.

"बाई, माझा वेग कुठे गेला?"

"माझ्या मांडणीत होता. तुझ्या खोडी मला पाठ आहेत, म्हणून तुझी चिठ्ठी लगेच होते."

थोरल्याने गुपचूप जुनी चिठ्ठी मागून घेतली. "पण त्याच्या चिठ्ठीत अक्षर जास्त छान काढता," एवढं मात्र पुटपुटलाच.