मानकऱ्यांची चौकट

"आणि हे सगळे मधोमध का बसलेत रे?"

बुवांचा हा प्रश्न मार्तंडाला फार आवडला. कोणीतरी विचारावं म्हणून तो सकाळपासून वाटच पाहत होता.

"मी बसवले, बुवा. गावांची नावं, माणसांचे आकडे, सगळं. वरच्या पट्टीत त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की जे ते आपापल्या चौकटीच्या बरोबर मधे येतं."

उद्या मठाचा भंडारा होता. कोणत्या गावची किती माणसं जेवायला येणार, याचा तक्ता यंदा पहिल्यांदाच संगणकावर मांडला होता, आणि ती विद्या मठात एकट्या मार्तंडाला येत होती. तळाशी जी बेरीज आली होती, तिच्यावरून संध्याकाळी कोठीतून तांदूळ काढायचा होता. तक्ता बुवांना पटला की कोठीची किल्ली मार्तंडाकडे यायची होती. त्याचा हात आत्तापासूनच उगाच कमरेकडे जात होता.

त्यात यंदा भंडाऱ्याचा मान त्याच्याच गावाला, तांबुळवाडीला, मिळालेला. मग काय विचारता, स्वारी जमिनीवर नव्हती.

या मठातला मान मात्र जरा निराळा. मानकरी गावाने आधी सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसायचं. उद्या त्या पंगतीत मार्तंडाची आई बसणार होती.

बुवांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"छान दिसतंय. अगदी लग्नपत्रिका."

मार्तंड खूश झाला. त्याला ती स्तुती वाटली.

"आता हे बसवलेलं काढ."

"काढू?"

"हं... तू बसवायच्या आधी ते कुठे बसले होते, बघू दे."

मार्तंडाच्या कपाळाला आठी पडली. एवढं निगुतीने केलेलं काम, आणि म्हणे काढ. पण बुवांपुढे बोलणार कोण?

"बुवा, या तक्त्याची खोडच आहे. अक्षरं आपणहून डावीकडे जाऊन बसतात आणि आकडे उजवीकडे. नवशिके लोक तसंच सोडून देतात."

"असं का..." बुवा म्हणाले. "मग आज आपण नवशिके."

मार्तंडाने आकड्यांचा अख्खा रकाना निवडला आणि तेच बटण पुन्हा दाबलं.

आकडे सगळे उजवीकडे गेले आणि कडेला एकाखाली एक उभे राहिले.

एक सोडून.

तांबुळवाडीची चौकट तेवढी डावीकडे चिकटून होती.

इतर गावांपुढे त्याने नुसते आकडे लिहिले होते. आपल्या गावापुढे नुसता आकडा लिहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिथे चारशेच्या आकड्याला त्याने मोठ्या थाटात एक शब्द जोडला होता. मानकरी.

"हे का नाही गेलं?" बुवांनी विचारलं.

"त्याच्यात शब्द आहे ना, बुवा. शब्द जोडला की तक्ता त्याला आकडा समजत नाही. अक्षरांतच धरतो. आणि अक्षरं..."

"हं?"

"अक्षरं बेरजेत येत नाहीत..."

हे बोलता बोलताच मार्तंडाची नजर तळाच्या बेरजेवर गेली. सतराशे. त्यात तांबुळवाडी नव्हतीच.

उद्या त्याच्या गावाने पंगतींमागून पंगती उठवल्या असत्या, आणि शेवटी स्वतः पानावर बसल्यावर पातेल्याचा तळ खरवडायची वेळ आली असती. आई कोणाला काही बोलली नसती. भूकच नव्हती म्हणाली असती.

एवढी ढळढळीत चूक, आणि सगळं मधोमध आणल्यामुळे ती इतरांसारखीच नीटनेटकी दिसत होती. आपल्याच हुशारीची त्याला लाज वाटली.



मार्तंडाने तो शब्द पुसला. चारशेचा आकडा कोणी न ढकलता उजवीकडे गेला आणि रांगेत उभा राहिला. तळाची बेरीज एकवीसशे झाली.

बुवांनी कनवटीची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली.

मार्तंडाचा हात काही पुढे होईना. तो त्या नुसत्या आकड्याकडेच पाहत राहिला. गावाला इतक्या वर्षांनी मान मिळाला होता, आणि तक्त्यात त्याची खूणही उरली नव्हती.

"बुवा... मग माझ्या गावाचा मान लिहू कुठे?"

बुवा उठले. दारापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"उद्या वाढायला वाकशील ना... तिथे."