उंबळीच्या भिंतींना चुना का नाही

काटेमाळच्या विमानतळाला लागून एक गाव आहे, उंबळी. घरं पक्की आहेत, काही दुमजली आहेत, पण एकाही भिंतीला पांढरा हात लागलेला नाही. दिवाळीतही नाही. पाहुण्यांना वाटतं, गरिबी असेल, नाहीतर आळस. तसं कुणी बोलून दाखवलं की गावचे गुरव भिवाआप्पा त्याला माळजाईच्या पारावर बसवतात आणि केराबाई लोणारणीची गोष्ट सांगतात.

महायुद्धाच्या दिवसांत सरकारला वैमानिक शिकवायला सपाट माळ हवा होता. त्या माळावर तेव्हा उंबळी होती. लढाई संपली की जमीन परत, अशी दवंडी पिटली आणि गाव उठवून तिथं विमानांचा तळ केला. माणसं माळाच्या कडेला उघड्यावर येऊन पडली. तिथं पाणी नव्हतं. त्यांनी मुरमात विहीर खणली, पण मुरूम ढासळता. पावसाआधी दगड-चुन्यानं बांधून काढली नाही तर विहीर बुजणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

चुना भाजणारी केराबाई एकटी. नवरा वारलेला, मदतीला दीर नागू. तिनं धावपट्टीच्या शेजारीच भट्टी लावली आणि विहिरीपुरता चुना खड्ड्यात विरवत ठेवला. तळावरच्या मुकादमानं धावपट्टी आखायला त्यातला चुना मागितला, धमकावलं. केराबाईनं माळजाईपुढं बेल उचलून शपथ घेतली: जमीन परत येईतो माझा चुना या तळाला लागणार नाही.

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी, म्हणे, असं वादळ सुटलं की माळ आणि आभाळ एका रंगाचं झालं. धावपट्टीच्या कडेची लाल निशाणं उडून गेली. वर एक शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. धावपट्टी सोडली तर सगळा माळ खड्ड्याधोंड्यांचा. तिथं टेकलं असतं तर काही उरलं नसतं. मुकादम धावत भट्टीवर आला आणि हात जोडून उभा राहिला.

"घिरट्या घालू दे त्याला," नागू म्हणाला. "आपन वरीसभर घालतोयच की."

"जमीन त्यानं घेतली व्हय रं?"

"ज्यांनी घेतली त्यांचाच हाय त्यो, वहिनी."

"कुन्या आईचा असंल. घमेलं उचल."

"आन् देवीफुडं बेल उचलला, त्याचं?"

"देवीचं मी बघते. तू घमेलं बघ."

ओला चुना अंग भाजतो. केराबाई अनवाणी पुढं, मागं नागू, मग ज्यांची घरं त्याच तळाखाली गेली होती त्या बायका. धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी पांढरा पट्टा ओतत नेला. खड्डा रिकामा झाला आणि विमान त्या पट्ट्यावर उतरलं.

आतून मिसरूडही न फुटलेला पोरगा बाहेर आला. दक्षिणेकडचा असावा, त्याची भाषा कुणाला कळेना. त्यानं केराबाईचे भाजलेले पाय पाहिले, रिकामा खड्डा पाहिला, आणि मटकन खाली बसून तो ओंजळीनं चुना परत घमेल्यात भरू लागला. केराबाईनं त्याचे हात धरले.

"ऱ्हाऊ दे लेकरा. मातीत गेलेला चुना आन् सरकारात गेलेली जमीन, दोन्ही माघारी येत न्हाईत."

दुसरी भट्टी लागायच्या आत पाऊस आला आणि आषाढात विहीर ढासळली. वर्षभर गावानं लांबच्या ओढ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं. केराबाईला कुणी बोल लावला नाही, असं भिवाआप्पा सांगतात. ते मला खरं वाटत नाही. तहानलेली माणसं बोलतातच. पण तिनं मोडलेल्या शपथेचं प्रायश्चित्त घेतलं, की जमीन येईतो माझ्या भिंतीला चुना नाही, तेव्हा त्याच माणसांनी आपल्याही भिंती तशाच ठेवल्या. घमेली सगळ्यांनी उचलली होती.

लढाई संपली. तळ एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला, शेवटी नगरपालिकेकडे आला. उद्घाटनं झाली, कोनशिला बसल्या. उंबळीचं नाव एकीवरही नाही. जमिनीचं विचारलं की साहेब म्हणतात, दवंडीला पुरावा काय?

आजही काटेमाळला येणारे वैमानिक उतरण्याआधी खाली मातीच्या रंगाचं एक गाव बघतात. नव्यांना जुने सांगतात, ते गाव पांढरं दिसलं तर समजावं, जमीन परत मिळाली. अजून कुणाला तसं दिसलेलं नाही.