चांगुणेचा खराटा

डोंगरातून गाडीरस्ता निघाला नव्हता, ओढ्यावर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या आंबेखिंडीत चांगुणा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा ऐन तरुणपणी गेला. दिरांनी जमीन वाटून घेतली आणि हिच्या वाट्याला गावाच्या कडेची एक खोपी, एक खुराडं आणि तीन कोंबड्या आल्या. चांगुणेनं कोंबड्या पदराखाली घेतल्या आणि मागं वळूनही न बघता ती चालू लागली, असं म्हणतात.

त्या तिनाच्या चाळीस झाल्या. कशा झाल्या, ते गावाला दिसत होतं, पण कुणी बघत नव्हतं. तांबडं फुटलं की चांगुणा खराटा घेऊन वाकून खुराड्यात शिरायची. रात्रीची शीट खरवडून लांबच्या खड्ड्यात टाकायची. जमिनीवर चुलीतली राख पसरायची, भिंतीला चुना लावायची, ओला पेंढा काढून कोरडा घालायची. पाण्याची परळं रोज घासायची. बाजारातून नवी कोंबडी आणली, तर पंधरा दिवस तिला ओढ्यापलीकडं वेगळ्या डाल्याखाली ठेवायची. बाया हसायच्या. म्हणायच्या, "चांगुणे, देवघरसुद्धा कुणी एवढं झाडत नाही गं!"

ती म्हणायची, "देव घाणीनं मरत नाहीत. कोंबडी मरते."

मग एका वर्षी उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबडीची मान पिळवटायची, पाय लुळे पडायचे आणि सकाळी हिंडणारी कोंबडी दुपारपर्यंत आडवी व्हायची. आठ दिवसांत गावातली खुराडी रिकामी झाली. पहाटे एकही कोंबडा आरवेना. माणसं उन्हं अंगावर आली तरी झोपून राहायची, असं म्हणतात.

चांगुणेच्या चाळीसही कोंबड्या मात्र अंगणात दाणे टिपत होत्या. तिचा तांबडा कोंबडाही धडधाकट होता, पण मानमोडी आल्यापासून त्यानं बांग दिली नव्हती.

झालं. गाव कुजबुजू लागलं. हिनंच काहीतरी केलं. ही चेटकीण आहे. गुणाजी पाटलाचे झुंजीचे सात कोंबडे मेले होते, त्याचं डोकं आधीच फिरलेलं. भर दुपारी तो काठ्या घेतलेली माणसं घेऊन तिच्या दारात आला.

"अख्ख्या गावाच्या कोंबड्या मेल्या," पाटील गरजला. "तुझ्याच कशा जिवंत?"

चांगुणा खुराड्याच्या तोंडाशी उभी राहिली. हातात खराटा होता, तो तिनं खाली ठेवला नाही.

"माझ्या खुराड्यात मी रोज वाकते, पाटील. तुमच्यात कधी कोण वाकलंय का?"

"तोंड आवर! हिच्या कोंबड्या मारा आणि हिला शिवेबाहेर घालवा!"

"शिवेबाहेर जायला मी काही चोरी केली नाही," चांगुणा म्हणाली. "मारायचं तर आधी मला मारा. मी इथून हलत नाही."

माणसांनी काठ्या उगारल्या. तेवढ्यात चाळीसच्या चाळीस कोंबड्या एका झेपेत उडाल्या आणि खोपीच्या आढ्यावर ओळीनं जाऊन बसल्या. मधे तो तांबडा कोंबडा होता. त्यानं मान ताठ केली आणि बांग दिली. ती बांग डोंगरावर आपटली आणि दरीपलीकडच्या सात गावांतले कोंबडे एकदम ओरडून उठले. ऊन एवढं तापलेलं, तरी माणसांच्या अंगावर काटा आला, असं म्हणतात. आठ दिवसांनी कानावर बांग पडत होती. एकाची काठी गळाली, मग दुसऱ्याची.

शेजारची कोंडाबाई गर्दीतून पुढं आली. तिच्या घरातली शेवटची कोंबडी आदल्या दिवशीच गेली होती. ती म्हणाली, "चेटूक असंल तर असू दे. मला शिकव."

"शिकवते की," चांगुणा म्हणाली. "सगळ्यांना शिकवते. आजच मी खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवते. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील. तोवर ज्यानं त्यानं आपलं खुराडं खरवडायचं, जुना पेंढा जाळायचा, चुना मारायचा, उन्हात उघडं टाकायचं. ज्याचं स्वच्छ, त्याला पिल्लं. अन् घरात जो सगळ्यात मोठा, त्यानंच वाकायचं. त्यातलं एक पिल्लू जरी मान मोडून मेलं, तर मी आपल्या पायांनी शीव ओलांडीन."

गाव कामाला लागलं. पाटलानं गड्याला खराटा देऊन खुराड्यात धाडलं. चांगुणा बघायला गेली आणि दारातूनच परतली. "गडी घरात मोठा झाला वाटतं," एवढंच म्हणाली.

एकविसाव्या दिवशी कवचं तडकली. घरोघरी पिल्लं गेली. पाटलाच्या वाड्यावर गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी गुणाजी पाटलानं पागोटं काढून सुनेच्या हातात दिलं, कारण त्या बुटक्या दारातून पागोट्यासकट आत जाता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो खरवडत होता. बाहेर आला तेव्हा केसांत जळमटं आणि गुडघ्यांवर शीट. चांगुणा टोपली घेऊन उभी होती.

"आता गावासमोर बोला," ती म्हणाली.

पाटलानं मान खाली घातली. "ही चेटकीण न्हाई," तो म्हणाला. "मी चुकलो."

तिनं पिल्लं दिली, पण त्याच्या घरचं पाणी काही घेतलं नाही. पुढं जन्मभर घेतलं नाही, असं म्हणतात. त्या पिल्लांतलं एकही मानमोडीनं मेलं नाही.

चांगुणा कधी गेली, ते कुणी नक्की सांगत नाही. पण अजूनही ज्येष्ठ लागायच्या आधी आंबेखिंडीत चांगुणेची झाडणी असते. त्या दिवशी घरातलं सगळ्यात मोठं माणूस खुराड्यात वाकतं. ज्याच्याकडं कोंबडी उरली नाही, त्याला शेजारी अंड्यांसकट खुडूक कोंबडी देतात.

आणि एवढं लक्षात ठेवा. त्या गावात कुणी बाईला चेटकीण म्हणालं, तर भांडण होत नाही. बाया गोळा होतात, त्याच्या हातात खराटा देतात आणि गावातली सगळी खुराडी दाखवतात. शेवटचं खुराडं झाडून होईपर्यंत त्याला कुणी घरी जाऊ देत नाही.