भेरीविना दान

कुंभवती नगरीत दृढवर्मा राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्यांचे नाव सोमिल. वडिलांच्या मागे कोठारे त्यांच्याकडे आली आणि पुढे नगरातल्या व्यापाऱ्यांनी त्यांना आपला श्रेष्ठी केले. माणूस कमी बोलणारा होता. समोरचा काय सांगतो ते मात्र शेवटपर्यंत ऐकून घेई, आणि असे ऐकणारे तेव्हाही थोडेच होते.

कुंभवतीचे लोक खाऊनपिऊन सुखी होते आणि दानधर्माची त्यांना भारी हौस. फक्त त्या दानाची एक रीत होती. जिथे दान द्यायचे तिथे आधी भेरी, म्हणजे मोठा नगारा, वाजायची, मग धान्याची पोती सुटायची. भेरी ऐकली की लोक हातातले काम टाकून धावत, कोण देतो आहे ते बघत, वाहवा करत. लग्नात भेरी, बारशाला भेरी, दानाला भेरी. भेरीविना दिलेले दान देवापर्यंत पोचतच नाही, अशी तिथली ठाम समजूत. नगरातल्या पोरांना तर भेरी म्हणजे लाडू एवढेच ठाऊक.

त्या सुमारास दृढवर्म्याचे शेजारच्या महासेन राजाशी एका जंगलावरून बिनसले. दोघांनी सैन्ये काढली. नगरीच्या तटावर एक बाणसुद्धा पडला नाही. जे काही झाले ते सीमेवरच्या गावांत झाले. आज या राजाचे घोडेस्वार यायचे, उद्या त्या राजाचे. मागे हटणारे सैन्य पुढच्याला काही मिळू नये म्हणून कणग्या जाळायचे आणि विहिरीत धोंडे लोटायचे. गावे मधल्या मध्ये भरडली गेली. उन्हाळा आला तसे दोघेही राजे दमले आणि तह करून घरी गेले. जंगल होते तिथेच राहिले.

बोधिसत्त्वांनी गाड्या जुंपल्या आणि ते स्वतः सीमेवर गेले. मोठी माणसे झाडांखाली पडली होती, पाणी कोसावरून आणत होती. कुणाचे आईबाप गेले होते, तर कुणाच्या आईबापांपाशी घालायला दाणा नव्हता. अशी मुले त्यांनी गावकऱ्यांना विचारून नगरात आणली. निघताना गावकऱ्यांना शब्द दिला, "पेरणीच्या आत विहिरी मोकळ्या करू, बियाणं देऊ, आणि मुलं तुमची तुम्हाला परत आणून देऊ."

नगराबाहेरच्या आंबराईत एक जुनी धर्मशाळा होती. तिथे मुलांची सोय झाली. चूल सांभाळायला श्रेष्ठींच्या घरची गोपाली आली. गोपाली विधवा, वयाने पन्नाशीची, लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक एकटीच्या हिमतीवर उठवणारी. तोंड फटकळ, पण हाताला अशी चव की लोक तिचे बोलणे मुकाट्याने गिळत.

पहिल्याच दिवशी गोपालीने मुगाचे कढण केले, मऊ भात केला, वर तूप. दाते जमले, भेरी वाजली, पत्रावळी मांडल्या. आणि मुले पसार. बघता बघता सगळी आंबराईत, झुडपात, ओढ्याच्या काठी जाऊन दडली. दाते ताटकळून निघून गेले. ऊन उतरल्यावर एकेक जण मुकाट्याने परत आला आणि गार भात खाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गोपालीचे डोके फिरले.

"असली पोरं जन्मात पाहिली नाहीत," ती भेरी वाजवणाऱ्या पर्णकाला म्हणाली. "भुकेनं पोट पाठीला लागलंय आणि जेवायला हाक मारली की पळतात. रानातली आहेत रानातली. यांना कंदमुळंच द्यायला हवीत."

"हळू वाजवत असेन मी," पर्णक म्हणाला. त्याला आपल्या कामाचा मोठा अभिमान. "त्यांना ऐकू जात नसेल नीट. उद्या दणकून वाजवतो."

त्याने दणकून वाजवली. गोपालीनेही डोके चालवले आणि आधीच धर्मशाळेचे दार लावून घेतले. म्हटले, बघू आता कुठे जातात. भेरी सुरू झाली तसा आत एकच कल्लोळ उठला. पोरे दारावर आपटू लागली, एकमेकांच्या अंगावर पडू लागली, एकाचे कपाळ फुटले. गोपालीच्या तोंडचे पाणी पळाले. तिने घाईने दार उघडले आणि मुले वाऱ्यासारखी बाहेर पडली. सारिका नावाची एक आठेक वर्षांची पोर आणि तिचा धाकटा भाऊ मात्र बाहेर गेलेली दिसली नाहीत, आतही दिसेनात.

भेरी थांबली तरी ती सापडेनात. गोपालीने कोनाडे पाहिले, गवताच्या पेंढ्या उलट्या केल्या. शेवटी कोठीच्या खोलीत धान्याचा मोठा रिकामा रांजण होता, त्यात वाकून पाहिले. सारिका तळाशी उकिडवी बसली होती. भाऊ मांडीवर, आणि तिचा हात त्याच्या तोंडावर घट्ट दाबलेला.

"अगं, गुदमरेल तो. सोड त्याला," गोपाली म्हणाली.

मुलीने हात काढला नाही. मान वर करून हळूच विचारले, "घोडे गेले का?"

"कसले घोडे?"

"भेरी वाजली ना. भेरी वाजली की घोडे येतात."

गोपालीला क्षणभर काही कळेना, आणि मग एकदम कळले. नंतर तिने दोघांना बाहेर काढले, पोराला कडेवर घेतले आणि तडक श्रेष्ठींच्या पेढीवर गेली.

"धनी, चूक झाली," ती म्हणाली. "आपण त्यांना रोज जेवायला बोलावतोय आणि त्यांना वाटतंय मारायला आले."

बोधिसत्त्वांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "गावोगाव फिरलो, विहिरी पाहिल्या, राख पाहिली. मुलांच्या कानावर काय आलं होतं ते विचारायचंच राहिलं. उद्यापासून भेरी बंद."

भेरी बंद झाली. गोपाली स्वतः मुलांच्यात जाऊन एकेकाच्या पाठीवर हात ठेवून "चल रे, पान वाढलंय" असे म्हणू लागली. पहिले दोन दिवस मुले नुसती बघत राहिली. हळूहळू पंगत बसू लागली, ऊन ऊन भात पोटात जाऊ लागला, आणि एके सकाळी दोघे जण गुळाच्या खड्यावरून कचाकचा भांडले. ते भांडण ऐकून गोपालीच्या जिवात जीव आला. भांडतात म्हणजे पोरे ताळ्यावर आली, असे ती म्हणाली.

पण इकडे दात्यांनी हात आखडले. "भेरी नाही, मग आम्ही दिलं हे कळणार कुणाला?" असे उघड विचारायला ते लाजत नव्हते. कुणाच्या घरी अचानक लग्न निघाले, कुणाची कंबर धरली. येणारी पोती थांबली. बोधिसत्त्वांनी स्वतःची कोठारे उघडली. तरी पोरांचे खाणे, सीमेवर झाडांखाली राहिलेल्या माणसांचे खाणे, आणि वर बियाणे, एवढे सगळे एका घरातून पुरे पडणारे नव्हते. पेरणी तोंडावर आली होती. बियाणे गेले नाही तर दिलेला शब्द जाणार, गावे ओसच राहणार आणि मुले कायमची आंबराईत, हे गोपालीला दिसत होते.

अशात राजवाड्यातून निरोप आला. राजा दृढवर्मा स्वतः धर्मशाळेत येणार, वर्षभर पुरेल एवढे धान्य आणि बियाणे देणार. पौर्णिमेला हत्तीवरून मिरवणूक निघेल आणि पुढे सैन्याच्या साऱ्या भेरी वाजतील.

गोपालीने देवाला हात जोडले आणि लगेच श्रेष्ठींकडे धावली. "धनी, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मी पोरांना घेऊन नदीपलीकडे जाते. कापूस घालते कानात. राजा येईल, देऊन जाईल, मग आम्ही परत येऊ."

"सैन्याच्या भेरी नदीपलीकडेही ऐकू जातात, गोपाली. आणि ज्यांच्या नावानं दान, त्यांनाच हाकलून द्यायचं?"

"मग बी कुठून आणणार?" गोपालीचा आवाज चढला. "गावात त्यांची माणसं वाट बघताहेत. एका दिवसाच्या भीतीपायी वर्षाचं धान्य घालवता?"

"तू त्यांना रांजणातून काढलंस," बोधिसत्त्व म्हणाले. "पुन्हा आत बसवणं तुला जमेल का?"

गोपाली रागारागाने वळली आणि आंबराईकडे चालू लागली.

बोधिसत्त्व राजाकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, धान्य द्या, पण भेरी वाजवू नका. भेरी वाजली तर पानं मांडलेली राहतील आणि जेवायला कुणी नसेल."

राजाचा चेहरा लाल झाला. "राजानं चोरासारखं जायचं? माझ्या भेरीला माझीच प्रजा भिते असं म्हणायचंय तुला?"

"ती मुलं भितात, महाराज. मी पाहिलं आहे."

"मग धान्यही विसर," राजा म्हणाला आणि उठून गेला.

बोधिसत्त्व परतले ते थेट आपल्या घरी. नगरातले घर त्यांनी विकायला काढले. गोपालीला कळले तेव्हा ती डोळ्याला पदर लावून चुलीपाशी बसली. घराच्या बदल्यात येणारे बियाणे सगळ्या गावांना पुरणार नव्हते; निम्म्या मुलांना घरी जायला मिळेल, निम्म्यांना नाही. कोणाला पाठवायचे आणि कोणाला थांबवायचे, हे तिला ठरवता येईना.

राजाला मात्र त्या शब्दांनी चैन पडू दिली नाही. सोमिल खोटे बोलणाऱ्यातला नव्हता, हे त्याला ठाऊक होते. शेवटी एका दुपारी साधी वस्त्रे नेसून तो एकटाच आंबराईत आला. म्हटले, एकदा आपल्या डोळ्यांनी पाहून घेऊ.

पंगत बसत होती. सीमेवरच्या गावांतली चारदोन मोठी माणसेही त्या दिवशी मुलांना भेटायला आली होती, तेव्हा नव्या माणसाकडे कुणी वळून पाहिले नाही. गोपालीने पाहिले ते एवढेच, की हा दारात खोळंबून उभा आहे.

"उभे काय राहिलात? पाय धुवा आणि बसा. भात निवतोय," ती म्हणाली.

राजाला असे कुणी जन्मात बोलले नव्हते. तो पाय धुऊन बसला. सारिका पाणी वाढत होती. त्याच्यापुढे आली तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिले.

"बाबा, तुमचं गाव कधी जळलं?" तिने विचारले.

राजा पानाकडे पाहू लागला.

"आमचं कापणीच्या वेळी," ती म्हणाली. "सांगायचं नसलं तर असू दे. इथं कुणी सक्ती करत नाही. जेवा."

राजाने दोन घास घेतले. मग म्हणाला, "इथं दानाची भेरी वाजत नाही असं ऐकलं."

"मावशीनं बंद केली. भेरी वाजली की राजाचे घोडे येतात ना."

"कोणत्या राजाचे?" राजाने विचारले. महासेनाचे, एवढा एक शब्द तिने म्हणावा म्हणून तो वाट पाहत राहिला.

सारिकाने थोडा विचार केला. खोटे सांगण्याचे तिला काही कारण नव्हते.

"ते कसं कळणार?" ती म्हणाली. "रांजणात आवाज सारखाच येतो."

आणि ती पुढच्या पानाकडे गेली.

राजाने पानावरचा भात संपवला. एक शीत ठेवले नाही. पत्रावळ स्वतः उचलून टाकली आणि ज्या वाटेने आला त्या वाटेने चालत निघून गेला. गोपालीने मागून पाहिले तेव्हा म्हाताऱ्याने चालावे तसा तो चालत होता. तो कोण, हे तिला कोठारावरून परतताना वाटेत त्याला भेटलेल्या बोधिसत्त्वांनी सांगितले, आणि आपण राजाला काय बोललो ते आठवून तिने कपाळावर हात मारला.

दोन दिवसांनी धान्याच्या गाड्या आल्या. पुढे भाट नव्हते, हत्ती नव्हता. बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा राजाने काढून ठेवायला लावल्या होत्या. गाड्या दारात लागल्या तरी मुले अंगणात खेळतच राहिली. त्याच सुमारास सैनिकांची एक तुकडी शस्त्रे आणि घोडे मागे ठेवून, खांद्यावर कुदळी घेऊन सीमेकडे गेली. आपण लोटलेले धोंडे त्यांनी आपल्याच हातांनी वर काढले. महासेनाकडेही दूत गेला. त्याने आधी टिंगल केली, मग त्याचीही माणसे आली. श्रेष्ठींचे घर विकायचे राहिले. पेरणीच्या आत बियाणे गावोगाव पोचले.

मुलांना पोचवायला गोपाली स्वतः गाडीतून गेली. सारिकाच्या गावात तिच्या काकूने नवे छप्पर घातले होते. पोर गाडीतून उतरली, आधी विहिरीपाशी गेली, वाकून आत पाहिले आणि ओरडली, "मावशी, पाणी आहे." गोपालीने मान हलवली आणि तिच्या भावाला गाडीतून उतरवून घेतले.

विहारातल्या भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, त्या जन्माची या जन्माशी गाठ घालून दिली. "भिक्षूंनो, तेव्हाचा दृढवर्मा राजा म्हणजे आज पहाटे विहाराची वाट झाडून नाव न सांगता निघून गेलेला उपासक भद्रिल. गोपाली म्हणजे आजारी भिक्षूंसाठी पेज घेऊन येणारी आणि येताना आपल्याला रागावणारी उपासिका केतकी. सारिका म्हणजे भिक्षुणी उत्पलिनी. आणि सोमिल श्रेष्ठी मीच होतो."

मग ते म्हणाले, "घेणाऱ्याच्या कानांनी ऐकून जे दिले जाते, त्याला करुणा म्हणतात."