शेवटच्याचा फेटा

थांबा, बसू नका. तुमच्यातल्या त्या निळ्या साडीवाल्या बाई अजून मागं आहेत. कारळवाडीच्या या टेकडीवर सगळे आल्याशिवाय कुणी टेकत नाही, मग तो कलेक्टर का असेना. आल्या? या बाई, घोटभर पाणी प्या. आता बसा खुशाल.

हा दगड बघा. वाघजाईच्या देवळासमोर उभा आहे, त्यावर बारा नावं आहेत. वरच्या अंगाला हे खरवडलेलं दिसतंय ना, येईल तो पाहुणा तिथं हात फिरवून मला विचारतो, "सुभेदार, दगड फुटला काय?" फुटला नाही, बाबांनो. तिथं एक नाव होतं. ते काढून सगळ्यांत खाली घातलंय. आणि दगडाला हा गुलाबी फेटा का, तेही सांगतो. घाई करू नका.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची गोष्ट. पलटणीचे भरतीवाले वाडीत आले. म्हणे, त्यांनी अट घातली, पायथ्यापासून देवळापर्यंत पळायचं आणि शेवटी येईल तो बाद. बारा गडी पळाले. शिदू फडतरे सगळ्यांत पुढं. तालमीतला गडी, छाती ही एवढी! देऊळ हाकेवर आलं, आणि मागं नामू पवार पाय मुरगळून पडला. शिदूनं वळून बघितलं, तसाच खाली उतरला, नामूला पाठुंगळी घेतलं आणि पुन्हा चढला. वर आल्यावर आधी नामूला देवळापुढं आखलेल्या रेघेच्या आत ठेवलं, मग स्वतः पाऊल टाकलं. म्हणजे शेवटचा कोण? शिदूच!

साहेबानं विचारलं, "पहिला होतास, शेवटचा कसा झालास?"

"साहेब, आमचा माणूस माझ्या मागं ऱ्हायचा न्हाई," शिदू म्हणाला.

साहेबानं बाराच्या बारा घेतले असं सांगतात. पण शिदूची आई सगुणाबाई मोठी तोंडाळ. सगळ्यांदेखत ओरडली, "गाढवा, पुढं होतास की! घालवली असतीस ना नोकरी!"

निघायच्या दिवशी मात्र बाकीच्या अकराजणांच्या आया शिदूभोवती गोळा झाल्या. "तुझ्या भरवशावर धाडतोय बघ," म्हणाल्या. त्यानं वाघजाईच्या पायरीवर हात ठेवला. "आई, अकराजणांना पुढं घालून आणीन. मी शेवटचा."

पलटण समुद्रापार इटलीच्या डोंगरात गेली. तिथं आपल्या गड्यांनी एक टेकडी घेतली. पण दुसऱ्या सकाळी शत्रू दुप्पट जोरानं उलटला आणि हुकूम आला, ओढ्यापलीकडं मागं या. शिदू ओढ्याच्या काठावर उभा राहून वाडीचा एकेक गडी पार करत होता. दहा झाले. अकरावा येईना. नामू पवार वर पडला होता, पायात गोळी. म्हणे, तोच पाय. खरंखोटं वाघजाई जाणे.

शिदू वर गेला. गोळ्यांच्या पावसातनं नामूला पाठीवर घेऊन आला आणि ओढ्यात सोबत्यांच्या हाती दिला.

नामू ओरडला, "शिद्या, चल की रं!"

"तुम्ही पोचा. मी मागनं आलोच," म्हणत शिदू मशिनगन घेऊन काठावरच्या दगडाआड पडला. तासभर! अहो, एकट्या गड्यानं तासभर शत्रूचा पाय ओढ्याच्या पाण्याला लागू दिला नाही. तेवढ्यात पलीकडं पलटण सावरली आणि 'हर हर महादेव' करत अशी उसळली, की दुपारच्या आत टेकडी पुन्हा आपली! शिदू दगडाआड सापडला. गनमध्ये एक गोळी शिल्लक नव्हती. तोंड शत्रूकडं होतं.

लढाई संपली, अकरा गडी जिवंत घरी आले. अकरा घरांत दिवे लागले. गावानं मग हा दगड आणला, आणि मोठ्या मानानं शिदूचं नाव सगळ्यांच्या वर कोरलं. सगुणाबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "माझ्या पोराचं कुठंय?" पाथरवटानं वर बोट दाखवलं.

बाई कडाडली. "खोड ते! माझ्या पोरानं देवीला शब्द दिलाय, अकरा पुढं आन त्यो शेवटी. त्यानं मरून पाळला, आन तुम्ही दगडावर मोडताय व्हय?"

पाथरवटानं पुन्हा छिन्नी उचलली. नाव खरवडलं, खाली कोरलं. तिनं त्या अक्षरांवरनं हात फिरवला, तेव्हा कुठं डोळ्याला पदर लावला. मग ढोलवाल्यांकडं वळून म्हणाली, "बघताय काय? वाजवा! समदी आणून पोचवलीत माझ्या लेकानं!"

तेव्हापासून चैत्राच्या जत्रेला ही टेकडी पळायची शर्यत असते. पहिल्याला नारळ. फेटा मात्र शेवटच्याला, आणि तो वर येईस्तोवर ढोलावर टिपरू पडत नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं शेवटचा एकच असायचा, नामू पवार. कुबडी घेऊन चढायचा. पहिल्या वर्षी त्याच्या डोक्याला फेटा बांधायला गेले, तर म्हातारी सगुणाबाई बघत असताना त्यानं तो काढला आणि या दगडाला बांधला. म्हणाला, "मी कशाचा शेवटचा? माझ्या मागं शिदू हाय."

नामू पवार माझा बाप. त्याच्या पायातला गोळीचा खळगा मी या हातानं चेपलाय.

आजही कारळवाडीत शेवटी येणारा गडी फेटा स्वतःच्या डोक्याला लावत नाही. तो या दगडाला बांधतो, मागं वळून सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं ओरडतो, "शिदूदादा, आलो रं समदी!" आणि मग ढोल वाजतात.